बाबांच्या गुडघ्याची गोळी आणि तुझा नेफ्रॉन

पत्र

मॅडम, मी बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सेमला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीला गणित घेतलं होतं, बायोलॉजी नव्हतं. पहिल्या सेमला एचएपी-वन (ह्युमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि काम) राहिला. आता एचएपी-टूच्या पहिल्या सेशनलला, म्हणजे अंतर्गत परीक्षेला, ३० पैकी ९ पडले. रोज पहाटे उठून पाठ करते, पण दोन दिवसांत सगळं पुसलं जातं. रूममेट म्हणते, लक्षात ठेवायच्या युक्त्या पाठ कर. सर म्हणतात, डायग्रॅम काढा. केमिस्ट्रीत मला चांगले गुण आहेत, फक्त हाच विषय अंगावर येतो.

गावाकडे मात्र सगळ्यांना वाटतं मी अर्धी डॉक्टर झाले. सुट्टीत घरी गेले तर बाबांनी विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे, लघवीची चालू आहे, त्यात गुडघ्याची दुखण्याची घेतली तर चालतंय का?" मला काहीच सांगता आलं नाही. लाज वाटली. आम्हाला पुढे गावात मेडिकलच टाकायचं आहे. त्यासाठी माणसाचं एवढं सगळं शरीर शिकायची खरंच गरज आहे का? आणि असेल तर ते शिकायचं कसं?

— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर

हे वाचून झालं की पुस्तक उघडण्याआधी बाबांना फोन कर. गुडघ्याची गोळी घेत असाल तर सध्या थांबवा. बीपीची आणि लघवीची मात्र स्वतःहून बंद करू नका. तिन्ही गोळ्यांचे पत्ते खिशात घालून डॉक्टरांना दाखवून या. एवढंच सांग, आणि मग पुढचं वाच.

तू मला दोन प्रश्न विचारलेस, आणि तिसरा, बाबांचा, जाता जाता लिहून टाकलास. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर एचएपी-टूमधल्या एका पानावर आहे, आणि ते पान तू बहुधा पाठही केलं असशील. म्हणून आधी तेच पान घेऊ.

शाळेच्या पुस्तकात वृक्क, वर्तमानपत्रात मूत्रपिंड, घरात किडनी. एकेका किडनीचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, पण हृदय मिनिटाला जे साधारण पाच लिटर रक्त बाहेर टाकतं त्यातलं एक लिटरहून जास्त या दोघी घेतात. आत दहा-दहा लाखांच्या घरात नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या. प्रत्येकाच्या तोंडाशी केशिकांचा गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस. इथवर तुला येतंय. आता यातली विचित्र गोष्ट बघ. शरीरात जवळपास सगळीकडे केशिकांच्या जाळ्यात धमनिका शिरते आणि बाहेर शिरिका पडते. इथे आत येते तीही धमनिका आणि बाहेर जाते तीही धमनिकाच. अ‍ॅफरंट आणि इफरंट. तू हे दोन शब्द पाठ केलेस आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल झाली असणार, सगळ्यांची होते. ती होते, कारण दोन धमनिका का आहेत हे कोणी विचारतच नाही.

तुझ्याकडे शेती असेल तर ठिबक पाहिलं असशील. नळीला मागून पाणी आत येतं, तिथे एक कॉक आहे समज. पुढच्या टोकाला दुसरा कॉक. मागचा मोकळा ठेवला आणि पुढचा थोडा आवळला की मधल्या नळीत दाब चढतो आणि ड्रिपरमधून पाणी जोरात ठिबकतं. मागचा आवळला, पुढचा सैल सोडला की ठिबक मंदावतं. ग्लोमेरुलस म्हणजे ती मधली नळी. रक्तातलं पाणी नेफ्रॉनमध्ये ठिबकायचं तर दाब हवा, आणि तो दाब बाहेरचं रक्त कमीजास्त झालं तरी टिकायला हवा. दोन्ही बाजूंना आवळता-सोडता येणाऱ्या धमनिका आहेत त्या यासाठी.

कॉक फिरवतं कोण? रक्तपुरवठा घटू लागला की आत येणारी वाट उघडी धरून ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं करतात. बाहेर जाणारी वाट आवळण्याचं काम अँजिओटेन्सिन-टू हे संप्रेरक करतं. आता बाबांचे तीन पत्ते या नळीवर ठेव.

गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा घरातली असेल तर ती प्रोस्टाग्लँडिन्स तयारच होऊ देत नाही. गुडघ्यात त्यामुळे दुखणं थांबतं, पण किडनीत आत येणारा कॉक आवळतो. बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखं, तर तिनं अँजिओटेन्सिनचा हात धरलेला असतो. म्हणजे पुढचा कॉक सैल. आणि लघवीची गोळी मुळात मोटारीतूनच कमी पाणी सोडते. आत आवळलेलं, पुढे सैल सुटलेलं आणि नळीत पाणीच कमी. ठिबकणार कुठून? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात चढतं, पोटॅशियम चढू शकतं, लघवी कमी होते. पंचविशीतल्या धडधाकट माणसाला चार दिवस डायक्लोफिनॅक दिलं तर बहुधा काही होत नाही, कारण त्याची किडनी प्रोस्टाग्लँडिन्सच्या आधारावर उभी नसते. साठीतला माणूस, तुमच्याकडचा एप्रिल-मे, दिवसभर रानात, पाणी बेताचं, जुलाबाचा एखादा झटका, अशा वेळी मात्र तोच आधार असतो आणि आपण तोच काढून घेतो.

हे मला एका म्हातारबाबांनी शिकवलं. कॉलेजात शिकवायला लागण्याआधी मी एका तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये बसत असे. पाऊस लांबलेला जून होता. आजोबा आमचे नेहमीचे, बीपीची आणि लघवीची गोळी महिन्याची एकदम न्यायचे. त्या दिवशी म्हणाले, "पोरी, कंबर धरलीय, काहीतरी चांगलं दे." मी दिलं. चिठ्ठी नव्हती, तरी दिलं. आठ-दहा दिवसांनी त्यांची सून आली आणि म्हणाली, मामंजींचं तोंड सुजलंय, लघवीला होत नाही, जिल्ह्याला नेलंय. ते वाचले. गोळी बंद झाली, सलाईन लागलं, किडनी पुन्हा वळणावर आली. परत दुकानात आले तेव्हा ते मला काही बोलले नाहीत. त्यांना कारण कोणी सांगितलं नव्हतं, मला मात्र ठाऊक होतं. फिजिऑलॉजीत मला उत्तम गुण होते. ग्लोमेरुलसची आकृती मी परीक्षेत रंगीत पेन्सिलींनी काढली होती, अ‍ॅफरंट तांबडी, इफरंट केशरी. त्या आकृतीचा आणि माझ्या हातातल्या पत्त्याचा काही संबंध आहे हे मला आजोबा आजारी पडेपर्यंत सुचलं नव्हतं.

मेडिकल टाकायला एवढं शरीर कशाला, याचं उत्तर मी आता वेगळं देत नाही. फक्त एक सांगते: डॉक्टरांकडे माणूस एका दुखण्याचं विचारायला जातो, मेडिकलवर त्याचे तिन्ही डॉक्टरांचे तिन्ही पत्ते एकत्र येतात. ते तिन्ही एका वेळी बघणारी बहुतेकदा तूच असशील.

आता शिकायचं कसं. पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. हाडं पाठच करावी लागतात. २०६ आहेत, मनगटात एका हाताला आठ आहेत, तिथे 'का' विचारून काही हाती लागत नाही. तिथे रूममेटच्या युक्त्या घे, खुशाल घे, आणि मोकळी हो. कपालतंत्रिका बारा, त्यांचा क्रम, तेही तसंच. पण ही यादी छोटी आहे. तू चूक करतेस ती ही, की नेफ्रॉनही मनगटाच्या हाडांसारखाच पाठ करतेस. जिथे काही वाहतं, आवळतं, झरतं, दाबलं जातं, तिथे पाठांतर दोन दिवसांत पुसलं जाणारच. तिथे पानावरच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: ही पायरी कोणी अडवली तर? आणि अडवणारी गोळी मी कुठे पाहिली आहे?

तू केमिस्ट्रीत चांगली आहेस आणि गणित घेऊन आलीस, ही तुझी कमजोरी आहे असं तुझ्या पत्रात दिसतं. मला ती तुझी मोठी पुंजी वाटते. बघ: मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळलं जातं. दिवसाची मिनिटं १४४०. गुणाकार कर, १८० लिटर येतात. आणि माणूस लघवी करतो दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं जवळपास सगळं परत घ्यावं लागतं, आणि नेफ्रॉनची ती लांबलचक वेडीवाकडी नळी त्या परत घेण्यासाठीच आहे. सोडियमचा साधारण दोन तृतीयांश भाग पहिल्याच वळणावर परत घेतला जातो. त्याच वळणावर ग्लुकोजही. डापाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसची गोळी तिथेच जाऊन बसते आणि ग्लुकोज परत घेऊ देत नाही. ती घेणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत साखर 'प्लस' आली की घरचे घाबरून मेडिकलवर येतात, आणि तुला हसून सांगता यायला हवं की गोळी काम करतेय. पुढे हेन्लेच्या लूपची वर चढणारी जाड बाजू, तिथे सोडियमचा पाव हिस्सा परत जातो. फ्रुसेमाइड ही लघवीची गोळी तिथे बसते, म्हणून तिची लघवी जोरात. त्याच्या पुढच्या डिस्टल नळीत फक्त पाचेक टक्के, तिथे थायझाइड गटातली लघवीची गोळी, म्हणून ती सौम्य. मग शेवटची, गोळा करणारी नळी. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने इथे सोडियम आत घेताना पोटॅशियम बाहेर सोडलं जातं. मागे फ्रुसेमाइडने अडवलेलं सोडियम इथे लोंढ्याने येतं, तेवढी अदलाबदल वाढते, पोटॅशियम निघून जातं, आणि माणसाच्या पोटऱ्यांना गोळे येतात, अशक्तपणा येतो. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनचाच रस्ता अडवतं, म्हणून त्यात पोटॅशियम उलट साठतं.

एका नळीवर चार गोळ्या बसल्या. आता नेफ्रॉनचे भाग क्रमाने सांग म्हटलं तर तुला त्या चार गोळ्यांच्या मागे मागे जाता येईल. चौथ्या सेमला फार्माकॉलॉजी सुरू होईल तेव्हा तुझ्या वर्गमैत्रिणी डाययुरेटिक्स, म्हणजे लघवीच्या गोळ्या, पाठ करत असतील आणि तुला ती ओळखीची माणसं वाटतील.

तुझ्या राहिलेल्या एचएपी-वनमधलं एक उदाहरण देते, कारण सिम्पथेटिक-पॅरासिम्पथेटिकचा (आपोआप चालणाऱ्या अवयवांना हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेच्या दोन बाजूंचा) तो भलामोठा तक्ता बघून भल्याभल्यांचा जीव जातो. तो तक्ता नंतर बघ. आधी ही गोष्ट ऐक. ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो विजेने की रसायनाने, हा वाद तेव्हा चालू होता. त्यांना रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, उठून त्यांनी तो खरडला, सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची धडधडती हृदयं घेतली. एकाला व्हेगस तंतू जोडलेला होता, तो उत्तेजित केला, हृदय मंदावलं. त्या हृदयातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयावर घातलं, ज्याला तंतूच नव्हता. तेही मंदावलं. १९२१ साली हे प्रसिद्ध झालं, १९३६ साली हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या द्रावणातला पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. हे एकदा मनात बसलं की पुढचा सगळा तक्ता म्हणजे कोणतं रसायन कोणत्या अवयवाच्या कोणत्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसतं, एवढाच हिशोब उरतो. हृदयात बीटा-वन, श्वासनलिकांत बीटा-टू. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल श्वासनलिका सैल करतं, पण थोडं इकडेतिकडे सांडतंच, म्हणून पंप घेतला की काहींना धडधडतं, हात थरथरतात. आणि प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बीटा अडवतं, म्हणून दम्याच्या माणसाच्या चिठ्ठीवर ते दिसलं तर पत्ता फाडायच्या आधी फोन उचलायचा.

एचएपी-वनच्या प्रॅक्टिकलला तू न्यूबावर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या असशील. चार कोपऱ्यांतली बेरीज गुणिले ५०. हे ५० कुठून आलं, असं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की निम्मा वर्ग गप्प होतो. तू होऊ नकोस, हे तुझ्या घरचं गणित आहे: चार कोपऱ्यांचं घनफळ ०.४ घन मिलिमीटर, रक्त पातळ केलं वीसपट, २० भागिले ०.४. तांबड्या पेशींचं १०,००० तू स्वतः काढून बघ. ८० छोटे चौकोन, एकेक चौकोन एका घन मिलिमीटरचा चार हजारावा भाग, रक्त दोनशेपट पातळ.

रक्तगट तपासताना अँटी-ए, अँटी-बीचे थेंब टाकले असशील. दोन्हीत गुठळी नाही म्हणजे 'ओ', असं तुम्ही लिहून मोकळे होता. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचं रक्त या तपासणीत 'ओ' दिसे, पण 'ओ' गटाचं रक्त त्यांना चालत नसे. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच अँटिजेनच, म्हणजे पेशीवरची ती ओळखखूणच, त्यांच्या पेशींवर नव्हता, आणि एचविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात होती. जगभर आज त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. 'ओ' म्हणजे काही नाही असं पाठ केलेल्याला हा गट कधी कळत नाही. 'ओ' म्हणजे फक्त एच, हे ज्याला कळलं त्याला दोन मिनिटांत कळतो.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण 'मराठी माध्यम' हे शब्द तू पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिलेस त्यावरून मी समजले. खरं सांगू, हे शब्द इंग्रजी माध्यमवाल्या पोरांनाही परकेच आहेत, कारण ते मुळात ग्रीक-लॅटिन आहेत. फोडून बघायची सवय लाव. हायपो म्हणजे कमी, ईमिया म्हणजे रक्तात, आणि मधलं 'कॅलियम' म्हणजे पोटॅशियमचं लॅटिन नाव, ज्यावरून तू केमिस्ट्रीत त्याचं चिन्ह 'के' लिहितेस. झालं हायपोकॅलेमिया. 'युरिया' (-uria, खताचा युरिया नव्हे) शेवटी असेल तर लघवीत, आयटिस असेल तर दाह. वीस-पंचवीस तुकडे माहीत झाले की निम्मं पुस्तक उघडतं. समजून मात्र मराठीतच घे. रात्री आईला फोन करतेस ना? त्यात दहा मिनिटं तिला आज शिकलेलं सांग. तिनं "म्हंजी?" विचारलं आणि तू अडखळलीस की समजायचं, ते पान तुला आलेलं नाही. एवढी चोख परीक्षक तुला कॉलेजात मिळणार नाही.

गुणांचं थोडक्यात. सेशनलचे ३० पुढे १५ होतात, त्यामुळे या ९ ने आभाळ कोसळलेलं नाही. मोठा पेपर ७५ चा. त्यात दहा गुणांचे तीनपैकी दोन आणि पाच गुणांचे नऊपैकी सात प्रश्न सोडवायचे असतात. पाच-पाचचे ३५ गुण तुला तारतील, आणि ते बहुतेक असेच असतात: लघवी कशी तयार होते, रेनिन-अँजिओटेन्सिन, श्वासाचं नियंत्रण, इन्सुलिन. उत्तर लिहिताना आधी कोऱ्या कागदावर आकृती काढ, पुस्तक मिटून. सर म्हणतात ते बरोबर आहे, फक्त आकृती बघून उतरवली तर ती चित्रकला झाली. चुकलेली जागा तांबड्या पेनाने दुरुस्त कर आणि दुसऱ्या दिवशी फक्त तांबडं तेवढं पुन्हा काढ. पहाटे उठतेस ते उठ, पण रात्री सात तास झोप काढूनच.

एक राहिलं. बाबांच्या बीपीच्या गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस. ती अ‍ॅम्लोडिपिन असेल तर मी वर सांगितलेल्या तीन अडचणींतली एक कमी होते, पण गुडघ्याची गोळी तेव्हाही मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढवते, म्हणून डॉक्टरांना विचारणं चुकत नाहीच. आणि अ‍ॅम्लोडिपिनने घोटेही सुजतात: केशिकांच्या आधीची धमनिका सैल पडते, नंतरची शिरिका तेवढी पडत नाही, मधला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. पुन्हा तेच ठिबक, फक्त पायात. लघवीची गोळी त्यांना पाय सुजले म्हणून लागली होती का, आणि पाय अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यानंतर सुजले की आधीपासून, हे त्यांना विचार आणि डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीवर लिहून दे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं का, तेही त्याच चिठ्ठीत. पत्त्यांवरची नावं मला कळव.